ओटीवरचं कपाट आणि भावोजींचा सूट

ये गं, अशी जवळ सरक. दाराशी काय उभी राहिलीस पाहुणीसारखी? तू कुणाची कोण मला ठाऊक नाही, पण तुझं कपाट मला ठाऊक आहे. उघडलं की अंगावर कोसळतं. वर कुणाच्या तरी लग्नात एकदाच नेसलेली साडी. खाली बारीक झाल्यावर घालीन म्हणून ठेवलेली जीन्स. मागे कोपऱ्यात एक कुर्ता, त्याला किमतीची चिठ्ठी अजून लटकतेय. तरी काल मोबाइलवर बोट फिरवून आणखी एक मागवलासच. आणि जागा करायला काय केलंस? दोन चांगले ड्रेस काळ्या पिशवीत कोंबून कचऱ्याच्या गाडीत टाकलेस. अगं, नुसती चेन बिघडली होती त्याची! अशी कशी गं तुम्ही पोरी? बस, बस. रागावले असते तर चहा विचारला नसता.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. शिवण तर मला कुणीच शिकवलं नाही. लग्नानंतर जावेचा एक जुना पोलका घेतला, टाका न टाका उसवला, सगळे तुकडे जमिनीवर मांडले आणि बघत बसले. मग तसाच परत जोडला. एक बाही उलटी लागली, तरी जाऊबाई तो घालून बाजाराला गेल्या, आणि वर म्हणाल्या, "हवा चांगली लागते." तेव्हापासून मशीन आणि मी, दोघी कुरकुरतो, पण चालतो.

आमच्या घरात कपडा टाकायची पद्धतच नव्हती. आईचं तांबडं लुगडं आधी सणाचं, मग रोजचं, मग वाडीत शिंपायला जायचं. विरलं की वाकळीत जायचं, आणि वाकळीतूनही जे उरायचं त्याच्या चिंध्या पानवेली बांधायला. तेव्हा त्याला कुणी मोठं नाव दिलं नव्हतं. आता विरारच्या टॉवरमधल्या मुली येतात, म्हणतात, आजी, तुम्ही तर पर्यावरणाचं काम करता. मी म्हणते, करत असेन बाई, मला आपली चांगल्या कपड्याची कीव येते.

तर कपाट. आमच्या ह्यांनी बागेतल्या फणसाचं करून घेतलेलं जुनं कपाट आत अडचण करत होतं. ते मी पोरांकडून ओटीवर काढून घेतलं आणि गावात सांगितलं की ज्याला कपडा नकोसा झाला त्याने इथे आणावा आणि ज्याला हवा त्याने इथून न्यावा. पैसे नाहीत, पण नियम आहेत. धुतल्याशिवाय आणायचं नाही. बटण तुटलेलं असलं तर चालेल, पण तुटलंय ते सांगायचं, लपवायचं नाही. आणि ढीग घालायचा नाही! प्रत्येक कपडा हँगरला टांगायचा. ढिगातून ओढून कपडा घेताना माणसाची मान खाली जाते. हँगरवरचा कपडा बाजूला करत बघताना तीच मान वर असते, दुकानात असते तशी. म्हणून मी एक आरसाही लावला. आधी माझी सून हसली. आता तीच जाता येता त्या आरशात बघते.

आणखी दोन गोष्टी माझ्या आहेत, आणि मला त्यांचा अभिमान आहे, का नसावा? एक म्हणजे मी कपडा कमी करताना कापत नाही. आतलं जादा कापड, ज्याला शिंपी माया म्हणतात, ते तसंच आत दाबून शिवते. आज बारीक पोरीने नेलेला झगा उद्या जाड पोरीला उसवून देता आला पाहिजे. कपडा फिरता राहायचा असेल तर त्याला परतीची वाट ठेवावी लागते. दुसरं म्हणजे, कुणी दिलं आणि कुणी नेलं हे ओटीवर बोलायचं नाही. आपली गावं लहान. कुणाच्या अंगावर कुणाची साडी आहे हे चर्चमध्ये मिस्सेला बसल्या बसल्या ओळखणाऱ्या बायका आमच्यात आहेत. त्यांच्यापासून झाकायला हा नियम.

याच नियमाने मला एकदा चांगलंच अडकवलं. तेच तर सांगायचंय तुला.

नाताळाच्या आधी घराघरात साफसफाई निघाली. आमच्या शेजारच्या वाडीतली सून एक सूट घेऊन आली. करड्या रंगाचा, जाड कापडाचा, कोट आणि पँट, जुन्या चादरीत गुंडाळलेला. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, पण कापड असं की बोटांना बरं वाटावं. "मावशी, वरच्या पेटीत पडून होता," ती म्हणाली. "कुणी घालत नाही." मी तो वाऱ्याला लावला आणि टांगला.

दोनच दिवसांत पाचूबंदरचा एक मुलगा आला. भावाबरोबर होडीवर जातो. जानेवारीत लग्न ठरलं होतं त्याचं. आरशासमोर सूट लावून बघितला आणि मला म्हणाला, "मावशी, सगले बोलतात नवीन शिव. पन सूट घालायचा एक दिवस. दुसऱ्या दिवशी काय सूट घालून जालं टाकायला जानार?" मला त्याचं बोलणं इतकं आवडलं की मी त्याला लाडू दिला. कोट दोन्ही बाजूंनी दाबला, पँट कमरेत घेतली, मोहरी वर दुमडली. अगदी त्याच्यासाठीच शिवल्यासारखा बसला. तो घेऊन गेला. मी त्या रात्री झोपताना प्रार्थनेत देवालाही सांगितलं, बघ बाबा, कसं जमवलंय.

नाताळ झाला. लग्नाला आठवडा राहिला होता. मी ओटीवर मशीनवर बसलेली. शेजारचे भावोजी, त्या सुनेचे सासरे, कुंपणातूनच ओरडत आले.

"वहिनी! बाहेर या!"

"बाहेरच आहे की. कुणाला ओरडताय?"

"माझा सूट कुठाय?"

"कुठला सूट?"

"मरायचा सूट!"

माझा पाय मशीनवरच थांबला. बाहेरच्या कुणाला कळायचं नाही म्हणून सांगते, आमच्यात बरीच म्हातारी माणसं शेवटचे कपडे आधीच बाजूला काढून ठेवतात. पुरुषांचा बहुतेक लग्नातलाच सूट. माझंही लुगडं ट्रंकेत आहे, आणि मी ते सुनेला दाखवून ठेवलंय. भावोजींनी दाखवलं नव्हतं. दरवर्षी नाताळ उरकला की गुपचूप पेटी उघडून सूट उन्हात घालायचे, झटकायचे, परत ठेवायचे. या वेळी पेटी उघडली तर आत नुसत्या गोळ्या.

मागून त्यांची सून धावत आली, गाऊनवर ओढणी टाकलेली, रडकुंडीला आलेली. "मावशी, मी विचारलं होतं यांना. बाबा, वरच्या पेटीतलं जुनं काढू का? तर म्हणाले, काढ."

"मला वाटलं पितळेची भांडी काढतेस!" भावोजी ओरडले. "वहिनी, कुणी नेला सांगा. आत्ता जाऊन घेऊन येतो."

आणि मी सांगू शकत नव्हते. माझाच नियम. कुणी नेला ते ओटीवर बोलायचं नाही. मी म्हटलं, "भावोजी, बसा आधी. पाणी प्या."

ते बसले. पाणी प्यायले. मग आवाज एकदम खाली आला. "तिचं आणि माझं ठरलंय हो. शेवटच्या दुखण्यात मला म्हणाली, लग्नातल्याच सुटात या. नाहीतर तिथे एवढ्या गर्दीत मी तुम्हाला ओळखू कशी?"

भावोजींच्या बायकोला मी ओळखत होते. माझी मैत्रीण. विहिरीवर दोघी एकत्र जायचो. असं बोलणारीच होती ती. एकीकडे हा म्हातारा, बायकोला दिलेला शब्द घेऊन बसलेला. दुसरीकडे तो मुलगा, आठवड्यावर लग्न, अंगावर मी स्वतः बसवून दिलेला सूट. मी एवढंच म्हटलं, "मला उद्यापर्यंत वेळ द्या."

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून पाचूबंदरला गेले. मासळीचा लिलाव आटपला होता, बायका टोपल्या धूत होत्या. मुलगा दारात बसून फाटलेलं जाळं शिवत होता. माझ्याकडे बघून हसला. मी सगळं सांगितलं तसं त्याचं हसू गेलं. आतून त्याची आई बाहेर आली, हात पदराला पुसत.

"काय? मेलेल्याचा सूट दिलास माझ्या पोराला? नवऱ्या मुलाच्या अंगावर?"

"मेलेल्याचा नाही गं बाई. जिवंत आहेत. कालच माझ्यावर ओरडून गेलेत."

"पन मरायला काढलेला ना!"

"अगं, काढला लग्नालाच होता. त्याच्यानंतर कशालाच काढला नाही, हेच तर दुखणं आहे."

ती काही ऐकायला तयार नव्हती. लग्नाच्या दिवशी कुणाच्या मरणाचे कपडे घालायचे म्हणजे काय, आजूबाजूचे काय म्हणतील, भावकीत कोण कोण तोंड वाकडं करील, एकेकाचं नाव घेऊन सांगायला लागली. मुलाने जाळ्यातली सुई खोचून ठेवली आणि उठला. "आये, तू थांब. मी बाबाला जाऊन इचारतो."

"अरे, पण कुणाला काही सांगायचं नाही असा माझा नियम..."

"मावशी, नियम तुजा, सूट बाबाचा, लगीन माजं. तिगं बसून बोलू."

मला त्याने स्कूटरवर मागे बसवलं आणि सूट पुढे अडकवला. पाचूबंदरजवळच्या किल्ल्यापासून आमच्या वटार गावापर्यंत मी डोळे मिटून बसले होते. निम्मी भीती स्कूटरची होती, निम्मी भावोजींची.

भावोजींच्या घरी मुलाने सूट खाटेवर ठेवला. "घ्या बाबा. माज्याकडं होता. मला ठावं नव्हतं."

भावोजींनी त्याच्याकडे बघितलंच नाही. कोट उचलला, बाहीवरून हात फिरवला. मग दोन्ही बाजू हातात धरल्या आणि माझ्याकडे वळले. "बारीक केलात!"

"कापलेला नाही," मी म्हटलं. "द्या इकडे."

मी उंबरठ्यावर बसले, सुनेकडून ब्लेड मागून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सगळे टाके उसवले. आतली माया जशीच्या तशी. कोट झटकून त्यांच्या हातात दिला. होता तेवढा परत झाला होता. खरं सांगते, तेव्हा मनात म्हटलं, बघा, कसं शिवते मी.

भावोजींनी कोट अंगात घातला. हात गेले. खांदे बसले. मग बटण लावायला गेले. बटण एका बाजूला, काज दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये भावोजींचं पोट. श्वास आत घेतला. पुन्हा ओढलं. एक वीत अंतर काही मिटेना.

सुनेने ओढणी तोंडात कोंबली. मुलगा छताकडे बघायला लागला.

"आटलाय," भावोजी म्हणाले.

"कशाने आटेल? तुम्ही उन्हात घालता, धुता कधी?"

"मरेपर्यंत मी बारीक होईन."

"कधी? नाताळाच्या करंज्यांचा डबा कुणी संपवला ते तुमच्या सुनेला विचारा."

मग सून हसलीच, मोठ्याने. मुलगाही. भावोजींचे ओठ हलले, पण ते हसले नाहीत. कोट तसाच उघडा ठेवून खाटेवर बसले. एवढे मोठे, दिवसभर वाडीत मजुरांवर आरडाओरडा करणारे भावोजी, पण त्या कोटात पाहुण्याच्या घरी बसवलेल्या मुलासारखे दिसत होते. हळूच म्हणाले, "मग ती ओळखणार कशी?"

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "भावोजी, माझ्या मैत्रिणीने तुम्हाला हा सूट घातलेला किती वेळ पाहिला? एक दुपार. आणि गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला पंचा, केळीला पाणी लावताना किती वर्षं पाहिलं? ती तुम्हाला खोकल्यावरून ओळखायची. तुम्ही फाटकाशी खोकलात की चूल फुंकायला लागायची. मी बघितलंय."

त्यांनी कोट काढला आणि मुलासमोर धरला. "घाल बघू."

मुलाने घातला. आता सैल झाला होता, खांद्यांवरून ओघळत होता. भावोजी उठले. त्याची कॉलर सरळ केली, पुढचा भाग खाली ओढला, पाठीत एक थाप मारली. "सरळ उभा राहा! कोट असा घालतात? मासळीची टोपली उचलायला चाललायस का?"

"सवय नाय बाबा."

"मलाही नव्हती. ताठ उभं राहायला माझ्या बापाने मला आदल्या दिवशी अंगणात फेऱ्या मारायला लावल्या होत्या." मग माझ्याकडे वळून, "वहिनी, घ्या परत बारीक करायला. आणि तू रे, मला लग्नाला बोलावलं नाहीस तर चालू मिस्सेत कोट काढून घेईन."

मुलाच्या आईची समजूत मी घालायला गेले नाही. भावोजी स्वतः गेले, आमंत्रण मागायला. काय बोलले मला ठाऊक नाही. येताना हातात सुके बोंबील होते, त्यावरून कळलं की जमलं.

लग्नाच्या दिवशी भावोजी नवऱ्याकडच्या बाजूला अगदी पुढच्या बाकावर बसले, पांढऱ्या शर्टात, केस चापून बसवलेले. मी मागे. नवरा आत आला तसा मी आधी कोटाची शिवण बघितली, मग नवऱ्याला. पाठीवर एक सुरकुती नव्हती. आणि फादर अजून वेदीपाशी पोचले नव्हते तोवर भावोजी शेजारच्या माणसाला म्हणाले, चांगल्या मोठ्या आवाजात, कारण त्यांना स्वतःला कमी ऐकू येतं, "तो कोट माझा आहे."

सगळा झाकलेला नियम त्यांनी पुढच्या बाकावर उघडा करून टाकला! मागच्या बाया माना लांब करून बघायला लागल्या. मी नवऱ्याच्या आईकडे बघायचं टाळलं.

मिस्सा झाली. बाहेर फोटो काढायला सगळे उभे राहिले तर नवऱ्याने गर्दीत हात घालून भावोजींना ओढलं आणि नवरीच्या शेजारी उभं केलं. "ह्यो बाबा," तो सगळ्यांना म्हणाला, "ज्याचा सूट. बाबाच्या लग्नातला हाय. आता माज्या लग्नातला."

कुणी हसलं नाही. एक म्हातारी पुढे झाली, तिने बाहीचं कापड चिमटीत धरलं आणि म्हणाली, "असलं कापड आता येतं का गं?" दुसरीने विचारलं, शिवलं कुणी. नवऱ्याच्या आईने, हो, त्याच आईने, माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या मावशीनं. कापलं नाय हां, नुसतं दाबलंय." जशी काही पहिल्या दिवसापासून तिला हे ठाऊक होतं!

त्या दिवसानंतर माझा नियम मोडला, आणि मोडला ते बरं झालं. पुढच्याच आठवड्यात ओटीवर एक मुलगी हिरवी साडी लावून बघत होती तर तिथेच बसलेली एक बाई म्हणाली, "ती माझी. मी नेसले होते त्याच्यापेक्षा तुला बरी दिसते." मुलगी लाजली, मग दोघी साडीच्या काठावरून गप्पा मारत बसल्या. मी सगळं झाकून ठेवत होते, कारण मला वाटायचं, घेणाऱ्याला लाज वाटेल. त्या मुलाला लाज वाटलीच नाही, आणि भावोजींना तर कोट माझा म्हणून सांगण्यात केवढा तोरा! आता कुणाला सांगावंसं वाटलं तर सांगतात, नाही वाटलं तर नाही. हँगर मात्र अजून लागतोच. त्यात सूट नाही.

कोट धुऊन, इस्त्री करून परत आला. भावोजी म्हणाले, माझ्याकडे नको, कपाटातच टांगा. तेव्हापासून तो फिरतोय. नालासोपाऱ्याच्या एका मुलाने नेला, मग निर्मळच्या एकाने, त्याच्यासाठी बाह्या सोडाव्या लागल्या. एकीने तर भावाच्या लग्नात स्वतःच घातला, पँटसकट, आणि भावोजींनी तिलाही ताठ उभं राहायला लावलं. लग्नाच्या दिवसांत ते सकाळपासून माझ्या ओटीवर येऊन बसतात. कुणी सूट घालून बघितला की आधी त्याला अंगणातून दोन फेऱ्या मारायला लावतात. मला म्हणतात, वहिनी, पाठीत थोडा घ्या. मी म्हणते, भावोजी, शिवण माझी आहे, तुम्ही चहा प्या.

मध्ये एकदा ते आजारी पडले. सूट तेव्हा बाहेर गेलेला. सुनेला आणि मला खाटेपाशी बोलावलं. आम्ही दोघी घाबरलो. तर म्हणाले, "माझं काही झालं तर तो सूट शोधत बसू नका. कपाटात असला तर घाला, बटण लागत नाही तर नका लावू. आणि लग्नाला गेलेला असला तर आणू नका. मी शर्टात जाईन. तिने विचारलं तर सांगेन, कोट लग्नात आहे."

सून रडली. मी नाही रडले. मी त्यांना म्हटलं, "माझी मैत्रीण खूश होईल." आणि खरंच होईल. ते बरे झाले, आणि चौथ्या दिवशी ओटीवर हजर. सूट परत आला होता, त्याच्या कॉलरवर अत्तराचा डाग पडला होता, आणि तो मी नीट काढला की नाही हे त्यांना बघायचं होतं.

तर पोरी, आता पुन्हा ये. काही आणायचं असलं तर आण, धुऊन. नसलं आणायचं तर हात हलवत ये, ओटीवर बसायला काही लागत नाही. रविवारी मिस्सा झाल्यावर आलीस तर मी असतेच आणि भावोजीही असतात. ते तुलाही अंगणातून चालून दाखवायला सांगतील, मनावर घेऊ नकोस. पण लवकर ये. आम्ही दोघंही म्हातारी झालोय, आणि मला तुला हे सगळं चालू असताना डोळ्यांनी दाखवायचंय.